पावसाच्या आकड्याला साक्षीदार कोण?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या पावसाचे आकडे पावसाळ्यात मुंबई महापालिकेच्या आपत्ती कक्षात आपोआप जमा होतात. २००५च्या प्रलयानंतर अग्निशमन केंद्रं, वॉर्ड ऑफिसं अशा ठिकाणी बसवलेली यंत्रं ते पाठवतात. अशा जाळ्यातले संदेश कूटबद्ध केले की निर्धास्त, असा समज पक्का आहे. पण कूटलेखनातून फार तर इतकंच कळतं की आकडा याच यंत्राचा आहे आणि वाटेत बदललेला नाही. यंत्राच्या नरसाळ्यावर कुणी फडकं टाकलं, तर खोटं शून्यही रीतसर कुलूपबंद होऊन पोहोचेल. यंत्र उघडून आतली कूटलेखनाची किल्ली चोरली, तर तोतयाही घरचाच ठरेल. म्हणून प्रत्येक यंत्राची किल्ली वेगळी हवी. एक फुटली तर तेवढीच रद्द करता येते.

हल्लेखोर दूरदेशीचा हॅकरच असतो, हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियातल्या मरूची भागात २००० साली कंत्राटदाराच्या एका माजी कर्मचाऱ्यानं रेडिओवरून मलनिस्सारणाच्या पंपांना खोट्या आज्ञा दिल्या, त्याही जाळ्यातल्याच एका पंपिंग स्टेशनची ओळख वापरून. सुमारे ८ लाख लिटर सांडपाणी ओढ्यांत नि बागांत गेलं. कुंपणच शेत खाऊ लागलं की कुलपाचा काय उपयोग?

मग घरभेदी ओळखायचा कसा? शेजारच्या यंत्रांशी आकडा ताडून. मात्र ‘जो वेगळा तो खोटा’ हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला ७३.४. बहुमतानं निवाडा केला असता, तर सांताक्रूझ खोटं ठरलं असतं. लोक बुडत होते ते तिथे, उपनगरांत. सांताक्रूझची साक्ष दूरच्या कुलाब्यानं नव्हे, उपनगरातल्याच विहार तलावानं दिली. तिथे हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता.

म्हणजे साक्षीदार जवळचा हवा, आणि शक्यतो वेगळ्या जातीचा: नाल्यातल्या पाण्याची पातळी, रडार, अंधेरी सबवेवरचा कॅमेरा. शंका आलेल्या यंत्राला लगेच बाद करू नये. त्याच्या आकड्याचं वजन कमी करावं, आणि माणूस पाठवावा. कारण नरसाळ्यावरचं फडकं आणि नरसाळ्यात अडकलेल्या कबुतराच्या काड्या, दोन्हींचा आकडा पडद्यावर सारखाच दिसतो.