विश्लेषण : ठासणीच्या बंदुकीला नवी दारू का सोसत नाही?

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत १९६४ पासून आधुनिक दारूगोळ्याची दारू तयार होते. २४ जानेवारी २०२५ रोजी येथे झालेल्या स्फोटात आठ जणांचा जीव गेला, तेव्हा हा कारखाना देशभर चर्चेत आला. दुसरीकडे, पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात ‘भरमार’ म्हणजेच ठासणीची बंदूक अजूनही विस्मरणात गेलेली नाही. दोन्हीकडे शब्द ‘दारू’ हाच असला, तरी ही दारू एक नव्हे. या दोहोंत गल्लत झाली तर नळी फुटते आणि बंदूक चालवणाराच जखमी होतो.

काळी दारू म्हणजे काय?

सोरा, कोळसा आणि गंधक यांचे हे मिश्रण. त्यात सुमारे तीन-चतुर्थांश वाटा सोऱ्याचा असतो. ती जळाल्यावर निम्म्याहून कमी भागाचा वायू होतो. उरलेला भाग धूर आणि काजळी होऊन बाहेर पडतो किंवा नळीत चिकटतो. ही काजळी ओल धरते. त्यामुळे वेळीच न धुतलेली नळी आतून गंजते.

जुन्या आणि आजच्या काळ्या दारूत फरक कोणता?

प्रमाण फारसे बदललेले नाही. बदलली ती शुद्धता आणि दाणा. पूर्वी सोरा मातीतून काढला जाई. बिहारचा सोरा ईस्ट इंडिया कंपनी युरोपात नेत असे. त्यात इतर क्षार राहिले की दारू सादळे आणि बार फुसका जाई. आज शुद्ध पोटॅशियम नायट्रेट मिळते, दाणे चाळून एकसारखे केले जातात आणि त्यांवर ग्रॅफाइटचा लेप दिला जातो. मात्र नवी ती चांगलीच, असे नाही. कोळसा कोणत्या लाकडाचा, यावर बरेच अवलंबून असते. युरोपात त्यासाठी विलो, आल्डरसारखी हलकी लाकडे वापरत. भारतात तुराट्यांचा कोळसाही वापरला गेला.

मग ‘बिनधुराची’ दारू कोणती?

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी नायट्रोसेल्युलोजपासून ही दारू तयार केली. पुढे जगभरच्या सैन्यांनी काळी दारू सोडली. आजच्या काडतुसांत हीच असते. ती जवळपास पूर्णपणे वायूत बदलते, म्हणून धूर कमी आणि जोर जास्त.

नळी का फुटते?

काळी दारू दाब वाढला तरी तुलनेने बेताने जळते. बिनधुराच्या दारूचे उलट आहे: दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते आणि त्यामुळे दाब पुन्हा वाढतो. काडतुसाची बंदूक हा दाब गृहीत धरूनच बनवलेली असते, ठासणीची नाही. शिवाय ठासणीच्या बंदुकीत दारू मापाने भरण्याची रीत आहे. तेच माप बिनधुराच्या दारूचे घेतले, तर जुन्या नळीला न पेलणारी ऊर्जा आत कोंडली जाते.

असे पूर्वी घडले आहे का?

होय. पंधराव्या शतकात युरोपात भुकटीऐवजी दाणेदार काळी दारू आली. ती इतकी जोरकस होती, की जुन्या तोफांना सोसेना. त्यांत भुकटीच वापरावी लागे. अधिक मजबूत तोफा नंतर आल्या.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. धानाच्या बांध्यांत रानडुकरे शिरणाऱ्या भागात ही तरतूद महत्त्वाची ठरते. पण परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ तेथेही लागू असतो. घरी दारू बनवणे हा स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे. त्याचे नियमन करणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय नागपुरात आहे.

सावधगिरी कोणती?

काळा रंग पाहून दारू ओळखता येत नाही. बिनधुराच्या दारूचे दाणेही अनेकदा काळेच दिसतात. काडतूस फोडून काढलेली दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही भरू नये. वाडवडिलांची बंदूक माळ्यावर सापडली, तर ती भरलेलीच आहे असे धरून चालावे. सोरा आणि गंधक वर्षानुवर्षे टिकतात. कोरडी राहिलेली जुनी दारू आजही पेटू शकते. अशी बंदूक किंवा डब्यातली अनोळखी दारू स्वतः न हाताळता पोलिसांना कळवणे, हाच सुरक्षित मार्ग.