वकिलातीचा पत्ता आणि कोट्यवधी किलोमीटर

भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३२.८७ लाख चौरस किलोमीटर आहे. २०२३च्या अखेरीस अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात भारताचा नवा वाणिज्य दूतावास सुरू झाला. त्याच्या हद्दीत नऊ राज्ये आली: वॉशिंग्टन, ऑरेगन, आयडाहो, मोंटाना, वायोमिंग, नेब्रास्का, दोन्ही डकोटा आणि अलास्का. या नऊ राज्यांच्या क्षेत्रफळाची बेरीज ३६ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे भारताच्या एका कार्यालयाची हद्द अख्ख्या भारताहून मोठी आहे.

ही झाली लोकांची सोय वाढल्यानंतरची स्थिती. त्याआधी सिअ‍ॅटलच्या भारतीयांना सॅन फ्रान्सिस्को गाठावे लागे. ते रस्त्याने सुमारे १,३०० किलोमीटर दूर आहे. अलास्कातल्या अँकरेजहून सिअ‍ॅटल आजही विमानाने सुमारे २,३०० किलोमीटर, मुंबई-दिल्ली हवाई अंतराच्या दुप्पट. प्रशांत महासागरातले ग्वाम बेट सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्षेत्रात धरले जाते. तिथून सॅन फ्रान्सिस्को सुमारे ९,३०० किलोमीटर भरते आणि मुंबई सुमारे ७,६५०. तिथल्या भारतीयाला आपल्या वकिलातीपेक्षा आपला देशच जवळ आहे.

आता या अंतरांना माणसांनी गुणून बघू. समजा, वर्षाला फक्त दहा हजार लोकांना सिअ‍ॅटलहून सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन यावे लागले. प्रत्येकाचे २,६०० किलोमीटर, सगळ्यांचे मिळून २ कोटी ६० लाख. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे एका वर्षात चंद्रापर्यंतचे अंतर ६७ वेळा कापून झाले. हेच दहा वर्षे चालले तर २६ कोटी किलोमीटर होतात, आणि सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. प्रत्येक फेरीत कामाचा एकच दिवस बुडाला असे धरले, तरी दहा वर्षांत एक लाख दिवस जातात. एक लाख दिवस म्हणजे जवळजवळ २७४ वर्षे. एका शहरात एक कार्यालय उघडल्याने एवढे आयुष्य लोकांच्या पदरात परत पडू शकते.

टपाल आहे, ऑनलाइन अर्ज आहेत, आणि पासपोर्टची बरीच कामे त्यांवर होतातही. पण टपालाने भागत नाही असे प्रसंग येतात, आणि ते बहुधा आयुष्यातले सर्वांत कठीण प्रसंग असतात. आई अत्यवस्थ असल्याचा फोन येतो आणि पासपोर्ट सापडत नाही. घरातले कोणी परदेशात वारते आणि पार्थिव मायदेशी न्यायचे असते. त्यासाठी मृताचा पासपोर्ट रद्द करून घ्यावा लागतो, वकिलातीचे ना-हरकत पत्र लागते. पुण्यातला वडिलोपार्जित फ्लॅट विकायचा तर मुखत्यारपत्राचे साक्षांकन हवे. ते कागद महाराष्ट्रात पोचले की तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्काचे काम उरकावे लागते. भारतात पेन्शन घेणाऱ्या आणि मुलांकडे राहायला गेलेल्या आजोबांना दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला पाठवायचा असतो. ऐंशीच्या घरातल्या माणसासाठी चारशे किलोमीटर आणि चाळीस किलोमीटर यांत फार मोठा फरक असतो.

कामाचा भार किती असेल, याचाही अंदाज बांधता येतो. अमेरिकेत भारतीय वंशाचे ५० लाखांहून अधिक लोक आहेत आणि त्यांतले सुमारे २० लाख भारताचे नागरिक आहेत. प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो. म्हणजे नूतनीकरणाचीच वर्षाला सुमारे दोन लाख प्रकरणे. कामाचे दिवस अडीचशे धरले तर दिवसाला आठशे. २०२४मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधला राजदूतावास आणि सिअ‍ॅटल, सॅन फ्रान्सिस्को, ह्यूस्टन, शिकागो, अटलांटा, न्यूयॉर्क हे सहा वाणिज्य दूतावास मिळून सात कार्यालये होती. या हिशेबाने प्रत्येकाच्या वाट्याला रोज शंभराहून अधिक पासपोर्ट येत. त्यात मुलांचे पासपोर्ट, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशीयांची ओसीआय कार्डे, व्हिसा, दाखले आणि साक्षांकने धरलेली नाहीत. अमेरिकेचे क्षेत्रफळ सुमारे ९८ लाख चौरस किलोमीटर. सातने भागले की प्रत्येक कार्यालयाकडे सरासरी १४ लाख येतात. महाराष्ट्र ३.०८ लाखांचा आहे, म्हणजे एका कार्यालयामागे साडेचार महाराष्ट्र.

याच भूमीवर मेक्सिकोने काय केले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत मेक्सिकोचे पन्नासहून अधिक वाणिज्य दूतावास आहेत. कोणत्याही एका देशाने दुसऱ्या एका देशात उभारलेले हे सर्वांत मोठे जाळे मानले जाते. एकट्या टेक्सासमध्ये ११ आणि कॅलिफोर्नियात १०. मेक्सिकोत जन्मलेले सुमारे एक कोटी दहा लाख लोक अमेरिकेत राहतात, म्हणजे एका कार्यालयामागे साधारण दोन लाख माणसे. शिवाय फिरती पथके गावोगावी जाऊन ओळखपत्रे आणि पासपोर्ट देतात. मेक्सिकोला लांबलचक सीमा आणि शंभराहून अधिक वर्षांच्या स्थलांतराचा इतिहास आहे. भारताची परराष्ट्र सेवा साऱ्या जगासाठी मिळून हजारेक अधिकाऱ्यांची. ही तफावत एका रात्रीत मिटणार नाही. म्हणूनच जे मोजके पत्ते आपण निवडतो, ते अचूक असायला हवेत.

अचूक म्हणजे कुठे? बहुतेकांच्या मनात पहिले उत्तर येते ते ‘मधोमध’. गणित वेगळे सांगते. डॅलस आणि ह्यूस्टन यांच्यात सुमारे ३८५ किलोमीटर अंतर आहे. समजा, पहिल्या शहरात शंभर गरजू आहेत आणि दुसऱ्यात ऐंशी. कार्यालय बरोबर मध्यावर उघडले तर १८० जणांचे एकूण जाणे ३४,६५० किलोमीटर होते. ते डॅलसमध्ये उघडले तर शंभर जणांना गाव सोडावे लागत नाही, ऐंशी जण मिळून ३०,८०० किलोमीटर जातात. ह्यूस्टनमध्ये उघडले तर हाच आकडा ३८,५००. सर्वांना समान त्रास देणारी मधली जागा एकूण त्रास कमी करत नाही. जिथे माणसे जास्त, तिथे दार उघडले की बेरीज सर्वांत कमी होते. जर्मन अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९मध्ये कारखान्यांच्या जागेबद्दल याच जातीचा प्रश्न मांडला होता.

हे उदाहरण टेक्साससाठी नुसते कागदावरचे नाही. भारतीय वंशाच्या लोकसंख्येत अमेरिकेतल्या महानगरांमध्ये न्यूयॉर्क पहिले, सुमारे सात लाखांचे. दुसऱ्या क्रमांकावर अडीच लाखांहून अधिक लोकांचे डॅलस आहे, आणि वाणिज्य दूतावास आहे ह्यूस्टनमध्ये. ह्यूस्टनमध्येही भारतीयांची मोठी वस्ती आहे, ते दार तिथे हवेच. प्रश्न दुसऱ्या दाराचा आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये डॅलस, बोस्टन, डेट्रॉइट, एडिसन, सॅन होजे अशा शहरांत भारताची नवी अर्ज केंद्रे सुरू झाली. पूर्ण दूतावास उभारण्याच्या कितीतरी आधी अशा केंद्रांनी लाखो किलोमीटर वाचू शकतात.

पत्त्याइतकीच महत्त्वाची असते हद्दीची रेघ. नेब्रास्कातल्या ओमाहाहून शिकागो हवाई मार्गाने सुमारे ७०० किलोमीटर आहे आणि सिअ‍ॅटल सुमारे २,२००. तरी नेब्रास्का सिअ‍ॅटलकडे दिले गेले. नवी वीट न रचता, केवळ नकाशावरची रेघ सरकवून एका माणसाचे जाऊन येऊन ३,००० किलोमीटर वाचू शकतात. वाणिज्य संबंधांच्या १९६३च्या व्हिएन्ना करारानुसार दूतावासाचे ठिकाण आणि हद्द पाठवणारा देश ठरवतो, मात्र त्याला यजमान देशाची संमती लागते. दोन सरकारांनी मनावर घेतले तर रेघ बदलता येते. आणि मेक्सिकोचा एक दूतावास खुद्द ओमाहातच आहे.

आखातात हीच गणिते उलटी होतात. संयुक्त अरब अमिरातीचे क्षेत्रफळ सुमारे ८४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे विदर्भापेक्षा कमी. तिथे भारतीय ३५ लाखांहून अधिक. अबू धाबीचा राजदूतावास आणि दुबईचा वाणिज्य दूतावास, दोनच कार्यालये. इथे अंतर कमी, पण रांग अफाट. सौदी अरेबिया सुमारे सात महाराष्ट्रांएवढा. तिथले वीस लाखांहून अधिक भारतीय रियाध आणि जेद्दा या दोन शहरांकडे पाहतात, आणि ती एकमेकांपासून सुमारे ९५० किलोमीटर दूर आहेत. बांधकामावरच्या मजुराला रजा म्हणजे कापलेली मजुरी. त्याच्यासाठी किलोमीटरपेक्षा दिवस मोजायला हवेत: कार्यालय त्याच्या सुट्टीच्या दिवशी उघडे असते का, कामगार वसाहतीतून तिथे थेट बस जाते का.

२०२४च्या सप्टेंबरमध्ये भारताने बोस्टन आणि लॉस एंजेलिस इथे नव्या वाणिज्य दूतावासांची घोषणा केली. लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्को सुमारे ६१५ किलोमीटर आहे, त्यामुळे निर्णय मोलाचा. पण ‘लॉस एंजेलिसमध्ये’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. आसपासच्या पाच काउंटी मिळून हा प्रदेश सुमारे ८८ हजार चौरस किलोमीटरचा होतो. भारतीय दुकानांचा जुना बाजार आर्टिशिया या शहरात आहे आणि कुटुंबे दूरदूरच्या उपनगरांत पसरली आहेत. कोणता रस्ता, कोणते स्टेशन, गाडी न चालवणाऱ्या आजीला पोचता येईल का, यावर खरी सोय ठरते.

या बेरजेत मराठी माणसांना हातभार लावता येतो. उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१पासून आहे आणि गावोगावच्या मंडळांकडे सभासदांच्या याद्या आहेत. नावे वगळून फक्त पिनकोड मोजले, तमिळ, तेलुगू, गुजराती, पंजाबी संस्थांचे आकडे त्यात मिळवले, तर कोणत्या जागी किती किलोमीटर आणि किती कामाचे दिवस वाचतील याचा तक्ता तयार होईल. ‘आमच्या शहरात हवे’ ही मागणी प्रत्येक शहर करते आणि त्या गलक्यात कुणाचेच ऐकू जात नाही. असा तक्ता समोर ठेवणाऱ्या समाजाचे मात्र ऐकून घ्यावेच लागते.