आधी चालवण्याचा ठराव, मग तलाव

एप्रिल लागला की यवतमाळात पाण्याचे दोन हिशेब एकदमच सुरू होतात. निळोणा आणि चापडोह धरणांत किती साठा उरला, हा पहिला. सुट्टी लागलेल्या पोरांनी दुपारी पोहायला कुठे जायचे, हा दुसरा. पहिला हिशेब वर्तमानपत्रांत छापून येतो. दुसऱ्याची बातमी होते ती बहुतेक वेळा कुणी विहिरीत किंवा खदानीत बुडाल्यावरच. सार्वजनिक जलतरण तलाव ही संस्था या दोन हिशेबांच्या मधोमध उभी आहे. म्हणूनच नगरपालिकांच्या तलावांची पिढी जुनी होते, फरशा उखडतात, पंप वारंवार बंद पडतात, तेव्हा त्यावरची चर्चा एका रोकड्या प्रश्नापाशी अडते : जिथे प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे पोहायचा तलाव कशाला?

प्रश्न रास्त आहे. २०१८च्या उन्हाळ्यात ही दोन्ही धरणे तळाला गेली होती आणि शहर टँकरची वाट पाहत होते. बेंबळा प्रकल्पातून यवतमाळला पाणी आणण्याची योजना ‘अमृत’ अभियानातून घ्यावी लागली, ती याच टंचाईमुळे. अशा जिल्ह्यात तलावाची बाजू मांडायची तर नुसत्या उत्साहाने भागत नाही. लिटरांत आणि रुपयांत बोलावे लागते.

पोहता येणे ही गरज

यवतमाळ जिल्हा कोरडा म्हणून ओळखला जात असला, तरी पाणी त्याला चहूबाजूंनी लागून आहे. उत्तर-पूर्वेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा, मध्ये अरुणावती, अडाण, पूस, बेंबळा. इसापूरचा अफाट जलाशय आहे, गावोगाव विहिरी आहेत आणि २०१६पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने शेताशेतांत नवी तळी आली आहेत. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा उतार इतका निसरडा असतो की पाय घसरलेल्याला काठ धरता येत नाही. जुलै २०२३मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले, तेव्हा मदतीसाठी हवाई दलाला पाचारण करावे लागले. उन्हाळ्यात पाणी मिळत नाही आणि पावसाळ्यात आवरत नाही, असा हा मुलूख आहे.

देशात दरवर्षी ३० हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल सांगतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२१पासून २५ जुलै हा बुडण्याच्या प्रतिबंधाचा जागतिक दिवस ठरवला. जागतिक आरोग्य संघटना जे उपाय सुचवते, त्यांत शाळकरी मुलांना पोहणे आणि पाण्यातली सुरक्षा शिकवणे हा एक ठळक उपाय आहे.

पूर्वी हे काम विहीर करत असे. पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून थोरला भाऊ, काका पोराला पाण्यात सोडत. आता बऱ्याच विहिरींचे पाणी उन्हाळ्यात खोल जाते आणि शिकवणारे हातही शहरांकडे गेले आहेत. शिवाय विहिरीवर मुलगे शिकले, मुलींना ती संधी क्वचितच मिळाली. मोकळी झालेली ही जागा भरून काढणारी दुसरी संस्था नगरपरिषदेच्या तलावावाचून दिसत नाही.

पाण्याखालचे यंत्र

तलाव म्हटले की डोळ्यांपुढे निळ्या फरशीचा हौद येतो. पण तो खरा चालतो बाजूच्या पंपघरात. पोहणाऱ्यांमुळे काठावरून सांडलेले पाणी कडेच्या पन्हळीतून संतुलन टाकीत उतरते. तिथून पंप ते ओढतो. वाटेत एक जाळी केस, धागे, पाने अडवते. मग पाणी वाळूच्या गाळणीतून दाबाने जाते. तुरटी घातलेली असली की बारीक गढूळपणाचे पुंजके होतात आणि वाळूत अडकतात. गाळलेल्या पाण्यात क्लोरीन मिसळून ते तळातल्या किंवा भिंतीतल्या छिद्रांतून परत हौदात येते. सार्वजनिक तलावात सगळे पाणी साधारण ४ ते ६ तासांत एकदा या चक्रातून जावे लागते.

क्लोरीनचे गणित नाजूक आहे. पाण्याची आम्लता बिघडली की ते असूनही निष्प्रभ ठरते. वैदर्भी ऊन ते भराभर नष्ट करते. तलावावर येणारा उग्र वास आणि डोळ्यांची चुरचुर यांमुळे क्लोरीन फार झाले, असा समज होतो. पुष्कळदा घाम आणि लघवीतल्या घटकांशी क्लोरीनचा संयोग होऊन जी संयुगे बनतात, त्यांचा तो वास असतो. पोहण्याआधी साबणाने अंघोळ करण्याची सक्ती त्यासाठी आहे. दिवसातून अनेकदा पाणी तपासून नोंदवहीत आकडे लिहिणारा पंपचालक म्हणूनच जीवरक्षकाइतकाच मोलाचा. या दोन जागा रिकाम्या ठेवून किंवा चार महिन्यांच्या कंत्राटावर कशाबशा भरून तलाव चालवला, की यंत्र सडते आणि मग सगळे म्हणतात, तलाव जुना झाला.

पाण्याचा हिशेब

२५ मीटर लांब, १२.५ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलाव घेऊ. त्यात सुमारे ४ लाख ३७ हजार लिटर पाणी मावते, म्हणजे दहा हजार लिटरचे ४४ टँकर. गाळणी नसलेला जुन्या पद्धतीचा हौद आठवड्याला उपसून पुन्हा भरला, तर मार्च ते जून या हंगामात तो ७४ लाख लिटर पाणी पितो. यवतमाळला हे परवडणारे नाही, आणि अशा तलावाला विरोध करणारा नगरसेवक बरोबरच आहे.

गाळणी नीट चालणारा तलाव मात्र हंगामात एकदाच भरायचा असतो. उन्हाने रोज एक सेंटीमीटर पाणी उडते असे धरले, तर दिवसाला ३,१२५ लिटर, चार महिन्यांत ३ लाख ८० हजार. गाळणी उलट्या प्रवाहाने धुण्यासाठी आणि अंगाबरोबर बाहेर जाणाऱ्या पाण्यासाठी आणखी दोन-तीन लाख धरू. एकूण ११ लाखांच्या आसपास, म्हणजे जुन्या पद्धतीच्या सातव्या हिश्शाइतके. रोजची ती वाफ शहरी नियोजनातल्या दरडोई १३५ लिटरच्या प्रमाणाने २३ माणसांच्या पाण्याइतकी. वर छत आणि रात्री आच्छादन असेल तर तीही घटते. गाळणी धुतलेले पाणी क्लोरीन उडाल्यावर झाडांना देता येते. धरणांतला साठा अमुक टक्क्यांच्या खाली गेला तर तलाव बंद, असा नियम आधीच लिहून ठेवला की टंचाईच्या वर्षी वादाला जागा राहत नाही.

ऑलिम्पिक मापाचा हट्ट इथेच सोडावा लागतो. ५० बाय २५ मीटरचा तलाव किमान २ मीटर खोल धरला तरी २५ लाख लिटर मागतो, आपल्या तलावाच्या जवळजवळ सहापट. पोहायला शिकणाऱ्या मुलाला छातीएवढे पाणी आणि शेजारी उभा शिक्षक पुरतो.

चार वाटा

जुन्या तलावापुढे साधारण चार पर्याय असतात. पहिला, डागडुजी. हौदाचे काँक्रीट शाबूत असेल, तर नळ, पंप, गाळणी आणि फरशा बदलून तलाव पुन्हा उभा राहतो. गळती किती, हे पाहायला मोठी यंत्रणा लागत नाही. पाण्याने भरलेली बादली तलावाच्या पायरीवर ठेवायची, आतली-बाहेरची पातळी खुणेने नोंदायची, पंप बंद ठेवून चोवीस तासांनी पुन्हा पाहायचे. बादलीतले पाणी उन्हाने जितके उतरले, त्याहून तलावाचे जास्त उतरले तर तेवढी गळती. लाखोंचा सल्लागार नेमण्याआधी ही चाचणी व्हावी.

दुसरा पर्याय, हौदच खचला असेल तर त्याच जागी आटोपशीर नवा बांधणे. तिसरा, खासगी चालकाकडे सोपवणे. यात नगरपरिषदेचा भार हलका होतो, पण शुल्क वाढते आणि ज्या मुलांसाठी तलाव हवा तीच दाराबाहेर राहतात. करारात शाळांसाठी राखीव तास आणि शुल्काची मर्यादा नसेल, तर तो तलाव फक्त नावाला सार्वजनिक. चौथा, तलाव बुजवून बाग किंवा गाळे. बाग चांगलीच, पण ती कुणाला पोहायला शिकवत नाही.

मोठ्या स्वप्नाची किंमत काय असते, ते सिडनीत दिसले. तिथल्या बंदरपुलाच्या पायथ्याशी १९३६पासून असलेला नॉर्थ सिडनी ऑलिम्पिक तलाव स्थानिक परिषदेने नव्याने बांधायला घेतला आणि २०२१मध्ये जुना बंद केला. सुमारे ६.४ कोटी डॉलरचे काम १२ कोटींच्या वर गेले. डबघाईला आलेल्या परिषदेने मालमत्ता करात सुमारे ८७ टक्के वाढ मागितली. ती २०२५मध्ये राज्याच्या नियामकाने फेटाळली. श्रीमंत शहराची ही गत, तर करवसुलीवर जगणाऱ्या आपल्या नगरपरिषदांनी किती जपून पाऊल टाकावे! आपल्याकडे बांधकामाला राज्याच्या किंवा जिल्हा नियोजनाच्या निधीतून पैसे मिळू शकतात. वीजबिल, क्लोरीन आणि पगार मात्र नगरपरिषदेच्या स्वतःच्या गल्ल्यातून जातात. महानगरपालिकांच्या १९४९च्या कायद्यात जलतरण तलाव ऐच्छिक कामांत मोडतो, आणि नगरपरिषदांच्या १९६५च्या अधिनियमातही कर्तव्यांची अशी अनिवार्य आणि ऐच्छिक विभागणी आहे. ऐच्छिक कामाचा पैसा तंगीत सर्वांत आधी कापला जातो. तलाव मरतात ते बहुधा इथे.

पाण्यात कोण उतरणार

तळ्याविषयीचा नगरपालिकेचा ठराव किती मोठा असू शकतो, हे महाराष्ट्राला महाडने शिकवले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याच्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांना खुले केले; पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसे तळ्यावर पोचली तेव्हा त्या शब्दांत प्राण आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला, आणि न्यायालयीन लढा १९३७मध्ये उच्च न्यायालयात जिंकावा लागला. सार्वजनिक पाणी सर्वांचे आहे का, याची परीक्षा प्रत्यक्ष पाण्यावरच होते.

आजचे अडसर वेगळे आहेत : शुल्क, वेळा, पोशाखाचा नियम, कपडे बदलायला सुरक्षित खोली नसणे. स्त्री प्रशिक्षक आणि महिलांसाठी ठरलेले तास नसतील तर अर्धे गाव बाहेर. उतरण असलेला रस्ता आणि धरायला कठडा नसेल तर अपंग बाहेर. सांगली जिल्ह्यातून आलेले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात जबर जखमी झाले. त्यानंतर ते पोहण्याकडे वळले आणि १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. पाणी माणसाला किती परत देऊ शकते, याचा याहून मोठा दाखला नको.

शिकवणाऱ्यांची वाण विदर्भाला पडू नये. शेजारी अमरावतीत १९१४पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ शारीरिक शिक्षणाचे काम करते आहे. अशा संस्थांशी करार करून नगरपरिषदांना प्रशिक्षक आणि जीवरक्षक घडवता येतील.

राज्यातल्या अनेक नगरपरिषदांवर काही वर्षे प्रशासक होते. अशा काळात तलावासारखा विषय उघड सभेत चर्चेला येणे अवघड होते. यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड, कोणत्याही सभागृहात तो येईल तेव्हा विषयपत्रिकेवर बांधकामाच्या निविदेआधी चालवण्याचा ठराव असावा. पाणी कुठून आणि किती, साठ्याच्या कोणत्या पातळीला तलाव बंद, पंपचालक आणि जीवरक्षक कायम कोण, दरवर्षी देखभालीला राखून ठेवलेली रक्कम किती, आणि पाचवीच्या प्रत्येक मुलामुलीला, झेडपीच्या आणि नगरपरिषदेच्या शाळेतल्या पोरांसकट, हंगामात फुकट शिकवण्याचे तास किती, एवढे त्यात आकड्यांनिशी लिहिलेले असावे. जे सभागृह हा ठराव करू शकत नाही, त्याने नव्या तलावाचा नारळ फोडू नये. जे करू शकते, त्याने टंचाईच्या जिल्ह्यातही न संकोचता तलाव बांधावा.