घरी जुळवलेल्या रायफलीचा धक्का

अमेरिकेत सुटे भाग आणून घरीच एआर-१५ रायफल जुळवणाऱ्या नेमबाजांची नेहमीची तक्रार धक्क्याची. खांद्यावर येणारा एकूण जोर गोळी आणि दारूचा वायू ठरवतात. तो कुठल्याही स्प्रिंगने नाहीसा होत नाही. स्प्रिंगच्या हातात असतं ते एवढंच, की तो एकदम बसावा की जरा पसरून यावा.

नळीतला थोडा वायू मागे वळून बोल्ट कॅरियर या सरकत्या भागाला ढकलतो. दस्त्याच्या पोकळीत त्याच्यामागे स्प्रिंग आणि बफर नावाचं वजन असतं. आखूड रायफलीतला साधा बफर सुमारे ८५ ग्रॅमचा. आतल्या पोलादी वजनांच्या जागी टंगस्टनची घातली, की कॅरियर सावकाश मागे सरकतो. बफर फार हलका असला तर तो मागच्या टोकाला आपटतो. खांद्याला झोंबतो तो हाच दुसरा झटका. फार जड असला तर रिकामी पुंगळी नीट बाहेर पडत नाही, पुढचं काडतूसही भरलं जात नाही. मुळात वायूच जास्त येत असेल, तर जड बफर ही नुसती मलमपट्टी. खरा इलाज वायू कमी करण्याचा.

भारतात मात्र परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे.