धर्मसंस्थांची जप्ती आणि ग्रामीण उठाव : उत्तर इंग्लंड (१५३६) व कुंकळ्ळी (१५८३)

प्रस्तावना

खानदेशातील अनेक गावांच्या सातबारा उताऱ्यावर 'देवस्थान इनाम वर्ग ३' अशी नोंद आढळते. त्या जमिनीच्या उत्पन्नातून देवळाची दिवाबत्ती, पूजाअर्चा आणि यात्रा-उत्सव चालावेत, हा या व्यवस्थेचा मूळ हेतू होय. अशी जमीन राज्यसत्तेने एका हुकुमाने काढून घेतली, तर गावाचे नेमके काय हिरावले जाते? हा प्रश्न मनाशी ठेवून आठव्या हेन्रीच्या मठबंदीकडे पाहिले असता तिच्यातून उद्भवलेल्या बंडाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. पाठ्यपुस्तकांत ही मठबंदी बहुधा राजाच्या घटस्फोटाची पुरवणी म्हणून येते. तिची मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी तुलना मात्र गोव्यातील साष्टी तालुक्यात सापडते.

इंग्लंडमधील मठबंदी

१५३४ च्या कायद्याने हेन्री इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख झाला. त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३५ मध्ये चर्चच्या सर्व उत्पन्नाची मोजदाद करविली. आधी मोजणी आणि मग जप्ती, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. १५३६ च्या कायद्याने वार्षिक २०० पौंडांहून कमी उत्पन्नाचे मठ बरखास्त झाले आणि १५४० पर्यंत मोठे मठही संपले. एकूण आठशेच्या आसपास संस्था नाहीशा झाल्या. त्यांच्या जमिनी राजाकडे व पुढे विक्रीने जमीनदारांकडे गेल्या.

ऑक्टोबर १५३६ मध्ये प्रथम लिंकनशायरमध्ये आणि पाठोपाठ यॉर्कशायरमध्ये लोक उठले. रॉबर्ट आस्क या वकिलाच्या नेतृत्वाखाली सुमारे ३० हजार लोक जमले. या उठावाला त्यांनी 'कृपेची यात्रा' म्हटले. कर व जमिनीसंबंधीच्या तक्रारीही त्यांच्या मागण्यांत होत्या. तथापि मठांविषयी आस्कने दिलेले कारण निव्वळ श्रद्धेचे नव्हते. उत्तरेच्या डोंगराळ मुलखात वाटसरूला आसरा, गरिबाला अन्न आणि मुलांना शिक्षण मठांतूनच मिळत असे. मठांचे उत्पन्न राजाकडे वळल्यास प्रदेशातील पैसा दक्षिणेकडे वाहून जाईल, ही त्याची भीती होती. आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाला हा युक्तिवाद आजही विचारात घ्यावा लागेल.

साष्टीतील देवळे व गावकरी

तिसवाडीतील देवळे १५४० मध्ये पाडण्यात आली आणि त्यांच्या जमिनींचे उत्पन्न पुढील वर्षी ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळविण्यात आले. साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे आली. तेथील देवळांचा विध्वंस १५६७ मध्ये झाला. अनेक दैवते लोकांनी नदीपलीकडे आदिलशाही अंमलाखालील अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, हलविली.

येथे गावकरी संस्थेची रचना समजून घेणे आवश्यक आहे. गावची जमीन मूळ वसाहतकारांच्या वांगडांची, म्हणजे कुळांची, सामाईक मालमत्ता असे. शेते पावणीने कसायला दिली जात. आलेल्या उत्पन्नातून राज्याचा महसूल, बंधाऱ्यांची डागडुजी आणि देवळाचा खर्च भागवून उरलेली रक्कम वाटली जाई. देवळाच्या सेवेकऱ्यांसाठी 'नमशी' जमिनी राखलेल्या असत. देवळाचा व गावाचा हिशेब असा एकमेकांत गुंतलेला होता. त्यामुळे देऊळ पडले की गावाच्या कारभाराचीच घडी विसकटत असे.

कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी, वेरोडे व आंबेली या गावांनी महसूल देण्याचे नाकारले आणि देवळे पुन्हा उभारली. त्यावर सैन्य पाठविण्यात आले. त्या मोहिमांत काही जेझुइट धर्मगुरूही सहभागी होते, हे जेझुइट साधनांतूनच कळते. जुलै १५८३ मध्ये चर्चसाठी जागा पाहण्यास पाच जेझुइट कुंकळ्ळीत आले असता गावकऱ्यांनी त्यांना व त्यांच्या काही सोबत्यांना ठार केले. त्या पाचांत अकबराच्या दरबारातून नुकतेच परतलेले रुदोल्फो आक्वाविवा होते. मिशनऱ्यांची हत्या एवढाच या घटनेचा अर्थ लावणे जसे अपुरे, तसेच तिला आधुनिक स्वातंत्र्यसंग्रामाची भाषा चिकटविणेही घाईचे ठरेल.

वाटाघाटी

दोन्ही उठावांचा शेवट चकित करण्याइतका सारखा आहे. डिसेंबर १५३६ मध्ये ड्यूक ऑफ नॉरफोकने राजाच्या वतीने माफीचे व यॉर्कला संसद भरविण्याचे आश्वासन दिले. आस्कने लोकांना घरी पाठविले. नाताळात तो राजाचा पाहुणाही झाला. नव्या वर्षी पुन्हा दंगा उसळताच तेच निमित्त झाले आणि जुलै १५३७ मध्ये त्याला यॉर्क येथे फाशी देण्यात आले. कुंकळ्ळीच्या सोळा नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलाविण्यात आले व तेथे त्यांची कत्तल झाली. एकजण साळ नदीत उडी टाकून निसटला, असे परंपरा सांगते.

साम्याला मर्यादाही आहेत. इंग्लंडचा राजा स्वतःच्याच समाजाच्या संस्था मोडत होता, तर गोव्यात परकी सत्ता निराळा धर्म लादत होती. शिवाय आस्कचे जबाब दफ्तरात उपलब्ध आहेत. कुंकळ्ळीच्या बाजूचा शब्द मात्र समकालीन कागदांत जवळजवळ नाही.

जप्तीचा उलटा फेरा

बंडखोर गावांच्या जमिनी जप्त झाल्या. असोळणे, वेळ्ळी व आंबेली जेझुइटांकडे गेल्या. परंतु १७५९ मध्ये पोर्तुगालने जेझुइटांनाच हद्दपार केले आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. १८३४ च्या हुकुमान्वये उरलेले धार्मिक संघही बरखास्त झाले, आणि जुन्या गोव्यातील मठ १८३५ मध्ये ओस पडले. हेन्रीच्या मठबंदीला तेव्हा तीनशे वर्षे होत आली होती. त्या वर्षी गोव्यात रक्तपात झाला खरा, पण तो मठांसाठी नव्हे, तर बेर्नार्दु पेरिश द सिल्वा यांच्या पदच्युतीवरून. मठ ही गावाची संस्था नव्हती, ती दुरून खंड वसूल करणारी मालक होती, हे त्यामागील एक कारण मानता येईल.

मारल्या गेलेल्या पाच जेझुइटांना १८९३ मध्ये पोपने 'धन्य' घोषित केले. कुंकळ्ळीकरीण शांतादुर्गेचे देऊळ फातर्प्याला गेले ते तेथेच राहिले. दरवर्षी फाल्गुनात देवीची मिरवणूक बारा वांगडांच्या बारा छत्र्यांसह फातर्प्याहून कुंकळ्ळीतील मूळ स्थानी येते. तिला 'सत्र्यो' म्हणतात.