जुनी जीप : घरच्या घरीं निगा व सुधारणा

ज्या शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारीं एखादी जुनी जीप उभी आहे, त्यास ती विकावी कीं ठेवावी हा प्रश्न दर पावसाळ्याच्या तोंडीं पडतो. विकावयास गेल्यास भंगाराचा भाव येतो. ठेवावी तर मिस्त्रीचें बिल येतें. आणि हीं यंत्रें डोळे मिटून खोलणारे जुने मिस्त्री तर दर सालीं कमी होत चालले आहेत. तथापि चिखलाच्या पाणंदींतून खताच्या गोण्या रानांत पोंचविणारें आणि परत येतांना तोच चिखल तुडवून घरीं येणारें वाहन थोडक्या पैशांत दुसरें मिळत नाहीं. यास्तव मालकानें स्वतः काय करावें व कोणत्या क्रमानें करावें, एवढाच विचार येथें केला आहे. क्रमाचा मुद्दा मुद्दाम मांडितों. कारण रुंद टायर, मोठे दिवे आणि झगझगीत रंग यांवर पैसा आधीं जातो आणि ब्रेकची पाळी शेवटीं येते.

जीप हें वाहन कुणब्यास परकें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या विलिस व फोर्ड या कारखान्यांनीं मिळून अशीं सहा लाखांहून अधिक वाहनें बांधिलीं. युद्ध संपतांच १९४५ सालीं विलिसनें ‘सीजे-२ए’ हें तिचें नागरी रूप बाजारांत आणिलें आणि तें शेतकऱ्याच्या कामाचें आहे, अवजार ओढतें, पट्ट्यावर यंत्र चालवितें, अशी त्याची जाहिरात केली. त्याच दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलिसच्या जीपा जुळविण्यास आरंभ केला. उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ अमेरिकेंत १९५३ सालीं निघाली व तेथें १९६८ सालीं बंद झाली. आपल्याकडे तिचा वंश त्यानंतरहि पुष्कळ वर्षें चालला. पुढें ‘एमएम ५४०’ मध्यें २११२ घन सेंटिमीटरचें, प्यूजो घराण्याचें डिझेल एंजिन बसलें. तहसील कचेरीच्या आवारांत ज्यांची उमर गेली त्यांस या गाड्यांचा आवाज दुरून ओळखतां येतो. कचेऱ्यांच्या लिलावांतून त्या शेतकऱ्यांच्या हातीं येत. तो झरा आतां आटला आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचें नूतनीकरण होत नाहीं, तीं मोडींतच काढावीं लागतात. म्हणजे आपल्या दारीं जी आहे तीच सांभाळणें भाग आहे.

निगेचा पहिला धडा पान्याचा नसून दांड्याचा आहे. या जीपांत पुढचा आंस जोडणारा दांडा ओढला म्हणजे पुढचा व मागचा असे दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांशीं घट्ट बांधले जातात. त्या दोहोंच्या मध्यें डिफरन्शियल नसतें. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां मोठ्या वर्तुळांतून जातात, म्हणजे अधिक अंतर तोडतात. चिखलांत किंवा भुसभुशीत रानांत चाक थोडें घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी सडकेवर चाक घसरत नाहीं, आणि तो सारा फरक दांते, शाफ्ट व क्रॉस यांच्यांत पीळ होऊन सांठतो. मग स्टिअरिंग जड होतें, दांडा अडकतो, आणि चालक दांड्यावर लाथ मारतो. लाथ मारूं नये. गाडी सरळ रेषेंत दहा-वीस हात मागें घ्यावी. पीळ उतरतो व दांडा हलका होतो. माणसाचा पाय जेथें घसरेल तेथेंच चारहि चाकें जोडावीं आणि सडक लागतांच सोडावीं.

हाच पीळ दुसऱ्या वाटेनेंहि शिरतो, आणि ती वाट पुष्कळांस ठाऊक नसते. पुढें झिजलेले व मागें नवे टायर असले म्हणजे चाकांचा घेर कमी-जास्त होतो आणि सरळ जातांनाहि दोन्ही आंस एकमेकांशीं झगडत राहतात. सबब चारहि टायर एका मापाचे व एका झिजेचे असावेत. याहून वाईट प्रकार भंगार बाजारांतून आणलेल्या आंसाचा. युद्धकाळच्या जीपच्या आंसाचें दांत-प्रमाण ४.८८ आहे, ‘सीजे-३बी’ सारख्या नागरी जीपांचें ५.३८. बाहेरून पाहून हें सांगणें कठीण. पुढें एक व मागें दुसरा बसला तर दांडा ओढतांच दोहोंत दर फेऱ्यास दहा टक्क्यांची ओढाताण सुरू होते, आणि ती शेवटीं ट्रान्स्फर केसच्या दांत्यांवर निघते. विकणारा ‘जीपचाच आहे’ म्हणून शपथ घेतो, आणि ती खोटीहि नसते.

याची तपासणी फुकट होते. गाडी सपाट जागीं उभी करून बाकीच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावे आणि तपासावयाच्या आंसाचें एकच चाक जॅकवर उचलावें. गिअर व ट्रान्स्फर केस मोकळे ठेवावे. जुन्या जीपांत हॅंडब्रेक मागच्या शाफ्टवर चालतो, म्हणून तोहि सोडावा लागतो. ठोकळ्यांचा आग्रह याचसाठीं. शाफ्टवर खडूची खूण करून उचललेलें चाक हातानें बरोबर दोन वेळां पूर्ण फिरवावें. दुसरें चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळें शाफ्ट जितके फेरे घेईल तेंच त्या आंसाचें प्रमाण होय. पांच फेऱ्यांस थोडें कमी पडलें तर ४.८८, पांच पुरे होऊन वर तिसऱ्या हिश्श्याहून किंचित् अधिक फिरलें तर ५.३८. पुढच्या चाकांस फ्री-व्हील हब असल्यास ते आधीं जोडून घ्यावे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं मात्र कोणीहि जाऊं नये. चेसिसखालीं लोखंडी स्टॅंड किंवा जाड लाकडी ओंडके द्यावे. विटा रचूं नयेत. वीट भार सोसते सोसते आणि एकदम फुटते.

गिअर बॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन आंस अशीं वंगणाचीं चार घरें आहेत, आणि प्रत्येकाची पातळी निरनिराळी पाहावी लागते. आंसांतील हायपॉइड दांत्यांना जीएल-५ जातीचें तेल लागतें. तें गिअर बॉक्समध्यें ओतूं नये. त्यांतील गंधकाचीं द्रव्यें सिंक्रोच्या पितळी रिंगा खातात. तेथें जीएल-४ घालावें. दुकानदार दोन्हींस ‘नव्वद नंबर’ म्हणून एकच डबा पुढें करतो. डब्यावरील अक्षरें स्वतः वाचावीं.

तेलापेक्षां घात पाण्यानें होतो, आणि तें आंत कसें जातें हें समजून घेण्याजोगें आहे. दोन कोस चाललेल्या गाडीचा आंस तापलेला असतो व आंतली हवा फुगलेली असते. अशी गाडी ओढ्याच्या गार पाण्यांत उतरली कीं ती हवा एकदम आकसते आणि हौसिंग बाहेरचें आंत ओढूं लागतें. हवा जाण्या-येण्यासाठीं आंसावर एक लहानसा ब्रीदर असतो; तो पाण्याखालीं असला तर तेथून, आणि चिखलानें बुजला असला तर ऑइल सीलच्या कडेनें पाणी आंत शिरतें. उपाय अगदीं स्वस्त आहे. ब्रीदर काढून त्या जागीं नळीचें टोंक बसवावें, त्यावर तेलाला टिकणारी रबरी नळी चढवावी आणि ती चेसिसच्या कडेनें वर नेऊन बॉनेटखालीं उंच बांधावी. टोंक खालीं वळवावें, म्हणजे पाऊस जात नाहीं. आंस खालीं-वर हलतो हें लक्षांत ठेवून नळी थोडी सैल सोडावी. जुन्या जीपवर करण्याजोग्या सर्व सुधारणांत खर्चाच्या मानानें हिचा उपयोग मला सर्वांत अधिक वाटतो. तरीहि पाण्यांतून खोल गेल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं आंसाचा खालचा प्लग हळूच सैल करून पाहावा. पाणी जड, तें तळाशीं बसतें व आधीं बाहेर येतें. तेल ताकासारखें पांढुरकें निघालें तर सारें काढून टाकावें. गाळून पुन्हां घालण्याची काटकसर करूं नये.

आतां ब्रेक. याविषयीं मी कोणाची भीड ठेवणार नाहीं. जुन्या जीपांत मास्टर सिलिंडर एकाच खान्याचा असतो. चारहि चाकांना दाब एकाच घरांतून जातो. एका चाकाची रबरी नळी फुटली किंवा एका व्हील सिलिंडरची वाटी गळाली, कीं पेडल तळाला जातें आणि चारहि चाकें मोकळीं होतात. बाजाराला निघालेलीं आठ-दहा माणसें मागें बसलीं असतां घाटाच्या उतारावर असें झालें म्हणजे काय होतें, तें वर्तमानपत्रांत वाचावयास मिळतें. ज्यास गाडीवर एकरकमी पैसा घालावयाचा असेल त्यानें तो येथें घालावा : दोन खान्यांचा मास्टर सिलिंडर बसवून पुढच्या व मागच्या नळ्या वेगळ्या करून घ्याव्या. हें काम मात्र जाणत्या मिस्त्रीकडूनच करवावें.

बाकीचें घरीं होतें. हा सिलिंडर चालकाच्या पायाखालीं, तळपत्र्याच्या आड असल्यामुळें चिखलानें माखतो आणि नजरेंतून सुटतो. झांकण उघडण्यापूर्वीं भोंवतालची माती झाडून पुसून घ्यावी. आंत डॉट-३ किंवा डॉट-४ जातीचें ब्रेक तेलच घालावें. हाताशीं आहे म्हणून एंजिन ऑइल, ट्रॅक्टरचें हायड्रॉलिक तेल, फार काय डिझेलहि ओतण्याची खोड खेड्यापाड्यांत आहे. खनिज तेलानें आंतलें रबर फुगतें, वाट्या अडकतात आणि चारहि चाकांचें रबर बदलावें लागतें. ब्रेक तेल हवेंतील ओल शोषतें. तें जितकें पाणावेल तितक्या कमी उष्णतेस उकळतें, आणि उतारावर ब्रेक तापले म्हणजे नळ्यांत वाफ होऊन पेडल मऊ पडतें. म्हणून दर दोन वर्षांनीं सारें बदलावें. हवा काढतांना सिलिंडरपासून सर्वांत लांबचें चाक आधीं घ्यावें. आपल्याकडील उजव्या स्टिअरिंगच्या गाडींत तें मागचें डावें होय. एकानें पेडल दाबून धरावें, दुसऱ्यानें निपल अर्धा फेरा सैल करून पुन्हां आवळावें, आणि तें आवळलें जाईपर्यंत पेडल सोडूं नये. घरांतील पोरगेंहि या कामास चालतें. फक्त त्यास सांगितलेला शब्द पाळतां आला पाहिजे. ड्रम उघडल्यावर आंतली धूळ तोंडानें फुंकूं नये. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असे, व त्याची धूळ फुफ्फुसांत बसली कीं निघत नाहीं. ओल्या फडक्यानें पुसावी. ओढा ओलांडल्यावर ओले ड्रम धरत नाहींत, त्यासाठीं पेडलवर हलका पाय ठेवून थोडें अंतर सावकाश चालावें.

एंजिनाविषयीं थोडक्यांत. मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळींत कुसळें व भुसा भरतो. पाण्याचा फवारा एंजिनाच्या बाजूनें बाहेर मारावा, पुढून मारल्यास भुसा अधिक आंत बसतो. तेलाच्या वाटीचा एअर फिल्टर असेल तर धुळीच्या दिवसांत वाटी आठवड्यास पाहावी. डिझेल गाडीच्या फिल्टरखालचें पाणी सोडीत जावें. पेट्रोलांत हल्लीं वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि जुन्या रबरी नळ्या व कार्बुरेटरचे पडदे त्यानें खराब होतात. ज्याच्या उसापासून तें निघतें त्यानें तरी कुरकुर करूं नये. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालून मोकळें व्हावें. विजेच्या बाबतींत निम्मे दोष चेसिसला जोडलेल्या तारेचे निघतात. तो सांधा घांसून चकचकीत करावा, मगच बॅटरीला दोष द्यावा. दिवे मिणमिणत असतील तर मोठे दिवे घेण्याऐवजीं रिले बसवावा. जुन्या स्विचांतून सारा प्रवाह जातांना वाटेंतच तो खर्ची पडतो.

शेवटीं कागद. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वयें वाहनाच्या मूळ नमुन्यांत मनास येईल तसा फेरफार करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१९ सालीं तेंच ठासून सांगितलें आहे. पेट्रोलचें काढून डिझेलचें एंजिन बसविलें आणि नोंदणी-पुस्तकांत तें चढविलें नाहीं, तर ती गाडी सात-बाऱ्यावर नोंद नसलेल्या विहिरीसारखी आहे. पाणी लागतें, पण तंटा उभा राहिला कीं विहीर कोणाची हें सांगतां येत नाहीं. अपघातानंतर विमा कंपनी प्रथम एंजिनाचा क्रमांकच ताडून पाहते. ब्रेकच्या घडणींत बदल करावयाचा असेल तरी आधीं मोटार वाहन निरीक्षकास विचारावें.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी होऊन ती वाढवून मिळते, आणि महाराष्ट्रांत त्या वेळीं पर्यावरण कर भरावा लागतो. तपासणीच्या दिवशीं चेसिसवरील क्रमांक वाचतां आला पाहिजे. पावसाळा संपला कीं चेसिसच्या पोकळ्यांतील चिखल धुऊन काढावा, गंज तारेच्या ब्रशानें उतरवून लाल प्रायमर द्यावा; पण क्रमांकाच्या जागीं ना ब्रश जोरानें घांसावा, ना रंग द्यावा, ना शेजारीं वेल्डिंग करूं द्यावें. तेथें मऊ फडक्यानें पुसून ग्रीसचा पातळ हात फिरवावा, आणि क्रमांक स्पष्ट आहे तोंवरच त्याचें छायाचित्र काढून नोंदणी-पुस्तकाजवळ ठेवावें.