तेलाची वाट

बुलेटचं बिडाचं इंजिन घरी उतरवून घरीच बांधणाऱ्यांच्या आपल्याकडे आता तीन पिढ्या झाल्या. पहिल्या पिढीला गाड्या मिळाल्या त्या लष्कराच्या आणि पोलिसांच्या लिलावातून. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली, त्याआधीच सरकारने साडेतीनशेच्या बुलेट रेडिचहून मागवल्या होत्या. लिलावातली गाडी स्वस्त असायची, पण तिच्या पोटात काय वाढून ठेवलंय हे इंजिन खोलल्याशिवाय कळायचं नाही. मग खोलणं आलंच.

आमच्या भागात हा छंद लवकर रुजला त्याचं श्रेय मी विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला देतो. किर्लोस्करांचं असो नाहीतर कोल्हापूरचं, तेही एकाच सिलिंडरचं. ज्या घरात त्याचं हेड उतरवून व्हॉल्व्ह घासलेले असत, त्या घरातल्या पोराला बुलेटची भीती वाटायची नाही. उद्यमनगरातले लेथवाले या इंजिनांवरच तयार झाले. आम्ही ज्यांच्याकडे जायचो ते काका पिस्टन हातात दिल्याशिवाय बॅरल बोअरला लावत नसत. पिस्टन मोजायचा आणि त्याच्या मापाने बोअर करायचा, हा त्यांचा नेम. वीस थाऊ, चाळीस थाऊ, त्यापुढे स्लीव्ह. एका बॅरलचं आयुष्य या हिशोबाने माणसाच्या उमेदीइतकं सहज पुरायचं.

हाफ इंजिनाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. रिंग बॅरलमध्ये सरळ सरकवून फिलर गेजने फट मोजावी, व्हॉल्व्ह जाड आणि मग बारीक पेस्टने घासावेत, पोर्टमध्ये रॉकेल ओतून गळतंय का ते पाहावं. पॉइंट पिस्टन वर पोचायच्या ०.८ मि.मी. आधी उघडावा. हे सगळ्यांना येतं.

खरं काम खाली आहे, क्रँकमध्ये. साडेतीनशेचा बोअर ७० मि.मी., पाचशेचा ८४; स्ट्रोक दोन्हींचा ९०. पाचशेचा तो भलामोठा पिस्टन ४००० आरपीएमला सेकंदाला सरासरी १२ मीटर पळतो आणि प्रत्येक स्फोटाचा धक्का एकट्या बिग एंडवर येतो. तिथे रेडिचच्या लोकांनी रोलर न घालता तरंगता बुश घातला. हा बुश पिनवरही फिरतो आणि रॉडच्या डोळ्यातही. पिन आणि रॉड यांच्यातला वेग त्यामुळे दोन पृष्ठभागांत वाटला जातो, आणि आत-बाहेर तेलाचे दोन थर धक्का झेलतात. इतक्या साध्या वस्तूतून इतकं काम काढलेलं मी दुसऱ्या कुठल्या मोटरसायकलीत पाहिलेलं नाही.

या बुशाला गेली कित्येक वर्षं बदनाम केलं जातंय. आमच्याच वर्तुळातले काही जाणकार सांगत फिरतात की तो जुनाट आहे, इंजिन खोललं की पहिल्यांदा तो फेकावा आणि रोलरचं रॉड किट टाकावं. रोलर कमी तेलावर निभावून नेतो, हे खरं आहे. पण मग प्रश्न असा की तेल कमी का पडलं? त्याचं उत्तर न शोधता रोलर टाकणारा माणूस रोग तसाच ठेवून इंजिन बंद करतो. बुश जाताना आधी आवाज करून सावध करतो. रोलर फुटला की त्याचे कठीण तुकडे सगळ्या इंजिनभर फिरतात.

तेल कुठे अडतं ते सांगतो, कारण या लेखाचा गाभा तोच आहे. क्रँकच्या टोकावर उलट्या आट्यांचा वर्म नट असतो आणि त्यावर दोन्ही पंप चालतात. एक पंप तेल पाठवतो, दुसरा परत आणतो. पंपाची चकती कव्हरात नीट बसली नसेल तर ती बारीक पेस्टने घासून जुळवावी लागते. फिल्टरमधून आलेलं तेल टायमिंग कव्हरातल्या एका चिमुकल्या कॉर्क सीलमधून क्रँकच्या टोकात शिरतं आणि तिथून बिग एंडला पोचतं. ते सील दबलं नाही, तर तेल बाजूने सटकतं आणि बुश कोरडा पडतो. हल्ली गास्केटवर सिलिकॉन बोटभर थापतात. त्याच्या आत सुटलेल्या तारा याच वाटेत जाऊन बसतात. पातळ कागदाचं गास्केट आणि स्वच्छ पुसलेली बाजू पुरेशी असते. पुढे फ्लायव्हील लेथवर दोन टोकांत धरून, डायल लावून, तांब्याच्या हातोड्याने दोन थाऊच्या आत आणावं. इंजिन बंद केल्यावर फिल्टरची जागा तेलाने भरावी, प्लग काढून किका माराव्यात आणि परतीचं तेल डोळ्यांनी पाहूनच प्लग लावावा.

ॲल्युमिनियमची इंजिनं आली, २००९ साली क्लासिक आली, गिअरबॉक्स इंजिनातच गेला, टॅपेट हायड्रॉलिक झाले. चांगली इंजिनं आहेत, पण घरच्या बाकड्यावर त्यांच्यात करण्यासारखं थोडंच उरलं. मला दुःख आहे ते बिडाच्या इंजिनांचं. जुन्या बुलेटला आज किंमत कधी नव्हती इतकी आहे. तिच्या टाकीवरच्या सोनेरी रेषा हाताने ओढून घेतल्या जातात, क्रोमवर हजारो रुपये जातात, आणि आतलं इंजिन ‘तयार करून’ मागवलेलं असतं. पंपाची चकती मालकाने कधी पाहिलेली नसते. बोअरवाले म्हातारे झाले, त्यांच्या मुलांनी लेथ विकले. गोव्याच्या मेळाव्यात जुन्या गाड्यांभोवती फोटोसाठी गर्दी होते, त्यातल्या किती जणांनी फिलर गेज हातात धरलाय?

म्हणून ज्यांच्याकडे बिडाचं इंजिन आहे आणि घरात हाताशी एखादं पोर आहे, त्यांना माझं सांगणं आहे. पुढच्या वेळी टायमिंग कव्हर उघडाल तेव्हा त्याला शेजारी बसवा. कॉर्क सील त्याच्या हाताने बसवून घ्या आणि तेल कुठून कुठे जातं ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या. रोलर की बुश, याचा निवाडा मग त्याचा त्याला करता येईल.